कावीचे नमुना-फलक: भेगा, उडणारा रंग, आणि ‘हे माझं कुठे आहे?’

पडवीचा_कोपरा यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. शिरोडा-वेंगुर्ले पट्ट्यातल्या एका जुन्या घराच्या पडवीत कावीचं काम करायचं आहे. भिंतीला हात लावण्याआधी ३० × ३० सें.मी.चे फलक करून बघणं चालू आहे. जांभ्याची दोन इंची कापलेली लादी, तिच्यावर चुना-वाळूचा गिलावा, वर नीरू, म्हणजे चुन्याचा तलम पांढरा थर, त्यावर काव (जांभ्याची लाल माती) घातलेला लाल थर, आणि लाल थर ओलसर असतानाच तो खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा, अशी पद्धत. गोव्यात आणि सिंधुदुर्गात जुन्या देवळांवर दिसतं तसंच.

अडचणी अशा: लाल थराला जाळीदार बारीक भेगा पडतात. सुकल्यावर बोट फिरवलं की लाल पूड हाताला लागते. दोनेक आठवड्यांत पांढरट डाग उमटतात. ओला असताना विटकरी दिसणारा लाल सुकला की फिका गुलाबी होतो. खरवडताना कडा ढलप्यांनी निघतात, कमळाच्या पाकळीचं टोक तर नेमाने जातं.

शिवाय एक प्रश्न जो तांत्रिक म्हणावा की नाही ठरत नाही. वाचून-विचारून सगळं मोजमापाने करत गेलं की काम नीटस होतं, पण कुणाचंही असू शकेल असं होतं. करकटकाने काढलेलं सहा पाकळ्यांचं फूल जगात सगळीकडे सारखंच. मग यात करणाऱ्याचं स्वतःचं काय उरतं आणि ते शोधायचं कसं? ‘मनापासून करा’ छापाची उत्तरं नकोत, करून बघता येईल असं काही सांगा.

---

चुनाभट्टी यांचा प्रतिसाद:

तुमच्या बऱ्याचशा तक्रारी चुन्याच्या आहेत, म्हणून आधी तो.

चुना कुठला ते लिहिलेलं नाहीत. पिशवीतली फक्की, म्हणजे विझवलेल्या चुन्याची कोरडी पूड, असेल तर पूड निघण्याचं कारण बहुधा तिथेच आहे. उघड्या किंवा जुन्या पिशवीतल्या फक्कीचा बराच भाग हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आधीच कॅल्शियम कार्बोनेट झालेला असतो. तो भाग पुन्हा काही बांधून ठेवत नाही, नुसता भरीला राहतो. चमचाभर फक्कीवर व्हिनेगर ओता. जोरात फसफसली तर चुना मेलेला. ताजा चुना जवळजवळ आवाज न करता विरघळतो.

कळीचा, म्हणजे भाजलेला पण न विझवलेला, चुना आणून घरी पाण्यात विझवा. शिंपल्यांचा मिळाला तर छान, चुनखडीचाही चालतो. शिंपला म्हणजे बव्हंशी कॅल्शियम कार्बोनेट. ९०० अंश सेल्सियसच्या आसपास भाजला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि १०० ग्रॅमचे साधारण ५६ ग्रॅम उरतात. म्हणून कळी उचलून बघायची: आकाराच्या मानाने जड लागणारा तुकडा आतून कच्चा असतो, विझवल्यावर त्याच्या पोटातला खडा तसाच राहतो.

१ किलो कळीला ३ लिटर पाणी. लोखंडी घमेलं घ्या, प्लॅस्टिकची बादली नको, कारण पाणी अक्षरशः उकळतं. पाण्यात चुना थोडा थोडा टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय घमेल्याजवळ जाऊ नका. डोळ्यात उडाला तर वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. चुन्यावर आम्लाचा उतारा हा विचार डोळ्याच्या बाबतीत मनातही आणू नका.

थंड झाल्यावर १ मि.मी.च्या चाळणीतून गाळा, वर दोन बोटं पाणी राहील असा भरा आणि झाकून ठेवा. निदान महिनाभर, तीन महिने मिळाले तर फारच चांगलं. न विझलेले बारीक कण गिलाव्यात गेले की तिथे सावकाश विझतात, फुगतात आणि वरचा थर टिकलीएवढा उडवतात. मुरवण्याचं पहिलं कारण हे. दुसरं म्हणजे मुरताना हायड्रॉक्साइडचे, म्हणजे विझलेल्या चुन्याचे, स्फटिक लहान आणि चपटे होत जातात, पाणी धरून ठेवतात आणि थापीखाली पुट्टी (हा मुरलेला ओला चुना) सहज सरकते.

भेगांचं कारण सरळ आहे: चुना आकसतो, वाळू आकसत नाही. लाल थरात वाळू घालता का? नुसत्या पुट्टीत काव कालवून लावली तर भेगा ठरलेल्या, आणि काव मातकट असेल तर जास्तच. चुना-वाळूची मापं आकारमानाने:

पहिला थर १ : ३, जाडी ८ ते १० मि.मी., वाळू २ मि.मी.पर्यंतच्या लहान-मोठ्या दाण्यांची. वरून आडव्या-उभ्या रेघा ओढून खरखरीत सोडा. ओलं गोणपाट टाकून सात ते दहा दिवस. दुसरा थर १ : २, सुमारे ४ मि.मी., दोन-तीन दिवस. नीरू १ : १, जाडी २ मि.मी., वाळूऐवजी संगमरवराची पूड चालेल, दाणा अर्ध्या मिलिमीटरच्या आतला. लाल थर वजनाने: पुट्टी २०० ग्रॅम, अगदी बारीक चाळलेली वाळू २०० ग्रॅम, काव ४० ग्रॅम. जाडी जेमतेम १ मि.मी. एवढ्यात तुमचे दोन फलक आरामात होतील. काव याच्या फार वर नेऊ नका. रंगाचे कण चुन्याने वेढले जाण्याइतका चुना उरला नाही की ते बोटाला लागणारच.

लादी आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा. जांभा भोकाभोकांचा, कोरडा असेल तर गिलाव्यातलं पाणी भराभर पिऊन टाकतो. आणि पाणी गेलं की चुना पकडत नाही, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी छिद्रांमधल्या पाण्याच्या पापुद्र्यात विरघळतो आणि मगच हायड्रॉक्साइडशी त्याची क्रिया होते. पूड निघण्याचं दुसरं मोठं कारण हेच: ‘सुकला’ म्हणजे ‘पकडला’ असं समजलं जातं.

पांढऱ्या डागांचे दोन प्रकार असतात आणि त्यांचे उपाय उलटे आहेत. ओल्या कापसाने पुसून बघा. विरघळून गेला तर लोणा, म्हणजे मीठ. पुसला जात नाही पण व्हिनेगरच्या थेंबाने फसफसतो, तर तो चुनाच आहे, पाण्याबरोबर वर येऊन पृष्ठभागावर कार्बोनेट झालेला. लोणा असेल तर वाळू तपासा. पुळणीवरची, म्हणजे समुद्रकाठची, वाळू वापरूच नका, नदीची घ्या आणि तीही गोड्या पाण्याने तीनदा धुवा. शेवटच्या धुण्याच्या पाण्याचा थेंब काचेवर वाळवला तर पांढरी कड राहता कामा नये. डाग चुन्याचे असतील तर पाणी जास्त मारलं जातंय. लाल थरावर फवारा धुक्याइतका बारीक हवा, ओघळ आला की डाग आला.

---

गाळ_आणि_रंग यांचा प्रतिसाद:

वरच्यांनी चुना घेतला, मी काव घेतो.

जांभ्याच्या मातीत लाल रंग हेमेटाइटचा आणि पिवळा-तपकिरी गोएथाइटचा. दोन्ही लोहाचेच, फरक असा की गोएथाइटच्या रचनेत पाणी बांधलेलं असतं. बरोबर केओलिनाइटसारखी पांढरी चिकणमाती असतेच, आणि ‘फिका गुलाबी’ होण्यात तिचा मोठा हात आहे. मातीत रंग कमी आणि पांढरं भरण जास्त. म्हणून नुसतं कुटून-चाळून भागत नाही, गाळावं लागतं.

२०० ग्रॅम माती कुटून कापडातून चाळा आणि उंच भांड्यात दोन लिटर पाण्यात ढवळा. ढवळणं थांबवलं की मोजायला लागा. १० सें.मी. खोल पाण्यात ५० मायक्रॉनचा मातीचा कण सुमारे ४० सेकंदांत तळाला जातो, २० मायक्रॉनच्या कणाला जवळपास चार मिनिटं लागतात. कण अर्धा झाला की बसण्याचा वेग चौथाई होतो, हा स्टोक्सचा नियम. तेव्हा ४० सेकंदांनी वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता, तळाची रेव टाका. दुसऱ्या भांड्यात पुन्हा ढवळून चार मिनिटं थांबा आणि पुन्हा ओता. आता तळाशी २० ते ५० मायक्रॉनचा मधला गाळ आहे आणि तिसऱ्या भांड्यात सगळ्यात बारीक. दोन्ही वेगवेगळे वाळवा. हेमेटाइटची घनता ५ च्या वर, चिकणमातीची २.६ च्या आसपास, त्यामुळे मधल्या गाळात रंगाचा वाटा बऱ्याचदा जास्त निघतो. सगळ्यात तलम म्हणून जपून ठेवलेली पूड पुष्कळदा निव्वळ चिकणमाती असते, आणि भेगाही तीच पाडते. दोन्हींचे ठिपके चुन्यात करून बघा.

पिवळट काव असेल तर भाजा. लोखंडी तव्यावर अर्धा सें.मी.चा थर, मोठ्या आचेवर, उलथन्याने सतत हलवत अर्धा-पाऊण तास. गोएथाइट साधारण २५० ते ३५० अंशांत पाणी सोडून हेमेटाइट होतो. रंगाचा निवाडा तवा थंड झाल्यावर करा, गरम हेमेटाइट असतो त्यापेक्षा काळपट दिसतो. भट्टीत घालून ८००-९०० अंशांपलीकडे नेलात तर कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि लाल जांभळटाकडे झुकतो. ते वाईट नाही, पण ठरवून करा.

ओला-सुका फरक टाळता येत नाही, आधी ओळखता येतो. अपवर्तनांक म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो त्याचं माप. पाण्याचा १.३३, हवेचा १, चुना पकडल्यावर होणाऱ्या कॅल्साइटचा १.६ च्या आसपास. छिद्रांत पाणी असताना कण आणि भोवताल यांतला फरक कमी, प्रकाश आत शिरतो आणि रंग गडद दिसतो. पाण्याच्या जागी हवा आली की चुना पांढरा विखुरतो. त्यामुळे मिश्रणाचा थेंब जुन्या कोरड्या विटेवर किंवा कौलाच्या तुकड्यावर टाका. वीट पाणी ओढून घेते आणि दहा मिनिटांत शेवटच्या रंगाच्या बराच जवळचा रंग दिसतो.

अजून गडद हवा असेल तर लाल थरात काव वाढवू नका. थर ओलसर असताना चुन्याच्या निवळीत कालवलेली काव मऊ ब्रशने दोनदा पातळ फिरवा आणि नदीच्या गुळगुळीत गोट्याने घोटा. निवळीतही लिटरमागे दीडेक ग्रॅम चुना असतो, तो या कणांना धरतो. घोटल्याने पृष्ठभाग सपाट होतो, विखुरणं कमी होतं, आणि तोच लाल अधिक भरीव दिसतो.

चुन्यात इतर रंग सुचले तर जपून. ओल्या चुन्याचा पीएच १२.४ च्या आसपास असतो. लोहाचे मातीरंग तिथे टिकतात. प्रशियन निळा तपकिरी पडतो, बहुतेक फुलापानांचे रंग उडतात किंवा बदलतात. कावीत लाल-पांढऱ्याचाच संसार दिसतो, त्यात रसायनाचाही वाटा आहेच.

एक विनंती. काव खणायची तर स्वतःच्या आवारातली किंवा चालू चिरेखाणीतली माती घ्या. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, दिसेल तिथे खुरपं घालू नका. रत्नागिरी-राजापूरपासून खाली कातळशिल्पं पसरलेली आहेत, काही तर मातीच्या पातळ थराखाली झाकलेली.

---

करकटक यांचा प्रतिसाद:

कडा तुटण्याची कारणं दोनच: वेळ आणि कोन.

वेळ घड्याळावर ठरत नाही. नीरूवर अंगठा दाबल्यावर ठसा उमटत नाही पण गारवा लागतो, तेव्हा लाल थर चढवा. लाल थर बोटाला लागेनासा झाला आणि नखाने ओढलेली रेघ स्वच्छ, भुगा न होता निघाली, की खरवडायला लागा. सुरीखाली ओलसर वळी निघते तोवर काम चालू. कोरडा भुसा उडायला लागला की थांबा, त्यापुढे ढलपे निघतात. हिवाळ्यात सावलीत हा अवधी काही तासांचा असतो, एप्रिल-मेच्या वाऱ्यात तासाभरात संपतो. म्हणून भिंतीवर एका दिवसात संपेल तेवढाच भाग लाल करा आणि जोड नक्षीच्या पट्टीआड लपवा.

कोन: पातं बाहेरच्या बाजूला कललेलं हवं, म्हणजे लाल कड खाली रुंद आणि वर अरुंद राहते. पातं उलटं कललं तर लाल कडेखाली पोकळी होते आणि ती कड पडणारच. आधी बाह्यरेषा कापा, मग आतला भाग खरवडा. पाकळीच्या टोकाकडून देठाकडे ओढा. देठाकडून टोकाकडे नेलंत तर सगळा जोर शेवटी टोकावर येतो. दोन पांढऱ्या भागांमधला लाल पूल ३ मि.मी.पेक्षा बारीक ठेवू नका. खोली १ ते दीड मि.मी., नीरूच्या पलीकडे गेलात तर खालचा करडा थर दिसतो आणि तो झाकता येत नाही.

रेखाटन कागदावर पूर्ण करा, रेषांवर टोचून खाका करा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी हलकेच थापा. ओल्या थरावर पेन्सिल चालत नाही.

भूमितीतली एक गंमत सांगतो. सहा भाग त्रिज्येनेच पडतात, बारा आणि चोवीस त्याला दुभागून. सातासाठी करकटकाने नेमकी रचना होतच नाही, ते गणिताने सिद्ध झालेलं आहे. पण त्रिज्येवर समभुज त्रिकोण काढून त्याची उंची करकटकात धरली तर सात पावलं जवळजवळ पुरी होतात. १० सें.मी. त्रिज्येच्या वर्तुळावर सातव्या पावलानंतर साधारण १.३५ मि.मी.ची फट राहते. ती सातांत वाटून टाका, डोळ्याला कळत नाही. सात पाकळ्यांचं फूल सहाच्या फुलाइतकं ओळखीचं नसतं, नजर त्यात सममिती शोधत राहते. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचा एक धागा इथे आहे असं मला वाटतं: फट कुठे सोडायची, कुठे वाटायची, हे करकटक ठरवत नाही.

---

पडवीचा_कोपरा:

सगळ्यांचे आभार. चुना पिशवीतलाच आहे, व्हिनेगरने चांगलाच फसफसला. आणखी तीन शंका. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालावं का? पावसाळ्यात फलक करता येतील का? आणि चुना ‘पकडला’ हे बाहेरून कसं ओळखायचं?

---

चुनाभट्टी:

गुळाला हरकत नाही, पण हात आखडता. साखरेमुळे चुना पाण्यात जास्त विरघळतो, मिश्रण मऊ होतं आणि कामाला वेळ मिळतो. पुट्टीच्या वजनाच्या अर्धा टक्का, म्हणजे किलोला ५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून आणि गाळून. जास्त झाला तर थर पिवळसर पडतो, पकडायला उशीर होतो आणि आपल्या हवेत बुरशी येते. हिरडा खालच्या दोन थरांत चालेल, नीरूत आणि लाल थरात नको. त्यातलं टॅनिन चुन्यात तपकिरी होतं, आणि तुम्हाला तर पांढरा पांढराच हवा.

पावसाळ्यात खालचे थर करा, वरचे नको. चुना पकडायला ओल लागते, पण छिद्रं पाण्याने तुडुंब भरली तर हवा आत जाणार कुठून? हवेतली आर्द्रता ५० ते ८० टक्के असते तेव्हा काम सगळ्यात बरं चालतं. आपल्याकडे तो काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चुन्याक घाई चलना नाय.

पकडला का बघायला लाल थर उपयोगाचा नाही, त्यावर रंगबदल दिसणार नाही. प्रत्येक फलकाबरोबर नीरूचा बोटभर जाड तुकडा वेगळा करून ठेवा. तीन-चार आठवड्यांनी तो मोडा आणि ताज्या मोडीवर अल्कोहोलमधलं १ टक्का फिनॉल्फ्थॅलीन टाका. जिथे गर्द गुलाबी होईल तिथे अजून हायड्रॉक्साइड आहे, रंगहीन राहिलेली कडेची पट्टी म्हणजे पकडलेला भाग. पट्टीची रुंदी मोजून लिहून ठेवा. फिनॉल्फ्थॅलीन नसेल तर हळद स्पिरिटमध्ये कालवून तेच करा, आतला भाग तांबडा होईल. हळदीला चुना लावून कुंकू करतात तीच क्रिया. हळद जरा ढोबळ उत्तर देते, पण आत-बाहेरचा फरक कळतो.

---

रेवाळ यांचा प्रतिसाद:

तांत्रिक भाग वर आलाच आहे, मी शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहिते. ‘करून बघता येईल असं’ म्हणालात म्हणून.

मोजमापामुळे काम परकं होतं हे मला पटत नाही. भेगा, पूड आणि डाग असतात तोवर फलकांतला फरक कशामुळे आला हेच कळत नाही: हातामुळे, चुन्यामुळे की वाऱ्यामुळे. साहित्य एकसारखं झालं की उरलेला फरक तुमचा असतो. म्हणून मिश्रण, थर आणि वेळ ठरवून टाका आणि एकाच नक्षीचे तीन फलक करा. पहिला पूर्ण खाक्यावरून. दुसऱ्यात फक्त करकटकाची वर्तुळं आणि पाकळ्या नजरेने. तिसऱ्यात काहीच आखणी नाही, थेट सुरी. तिन्ही एकाच दिवशी, एकाच घाण्यातल्या मिश्रणाने. नाहीतर पुन्हा चुन्याचा फरक हाताच्या नावावर जाईल.

आठवड्याने संध्याकाळी तिन्ही भिंतीला टेकवा आणि बाजूने तिरपा दिवा धरा. समोरून रंग दिसतो, तिरप्या उजेडात सुरीचा माग दिसतो. बघायचं ते असं: पाकळीची कुठली बाजू नेहमी जास्त फुगते, रेघ कुठे खोल जाते आणि कुठे उचलते, वळणावर तुम्ही मनगट वळवता की थांबून नव्याने सुरुवात करता, रिकामी जागा कुठल्या कोपऱ्यात आपोआप राहते. उजव्या हाताने काम करणाऱ्याची उजवीकडची पाकळी सहसा वेगळी निघते, कारण तिथे हात ढकलतो आणि डावीकडे ओढतो. हे सगळं वहीत लिहा, पण ‘चूक’ असा रकाना करू नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या फलकात जे दोन्हीकडे आलंय आणि पहिल्यात नाही, ते तुमच्या हातचं आहे. पुढच्या फलकात त्यातली एकच गोष्ट मुद्दाम वाढवा. एकच, कारण दोन बदलल्यात तर कशाने काय झालं ते सांगता येणार नाही. प्रयोगशाळेतला हा नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो.

डोळ्यालाही तपासून घ्या. गडद पार्श्वभूमीवरची पांढरी रेघ असते त्यापेक्षा रुंद दिसते. लाल आणि पांढरा पट्टा दोन्ही नेमके ५ मि.मी. कापलेत तर पांढरा जाड वाटेल. म्हणून पांढऱ्याच्या ५, साडेचार आणि ४ मि.मी. अशा तीन पट्ट्या कापा, लाल ५ च ठेवा, आणि पडवीत जितक्या लांबून बघणार तितक्या लांबून कुठली जोडी सारखी वाटते ते ठरवा. हे उत्तर माणसागणिक थोडं बदलतं, तेव्हा दुसऱ्याचा आकडा घेऊ नका.

रंगाचंही तसंच. शेव्रल हा रसायनतज्ज्ञ पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तिथल्या काळ्या रंगाबद्दल तक्रारी आल्या, आणि तपासता रंगाईत खोट निघाली नाही, शेजारचे रंग काळ्याला वेगळा दाखवत होते. त्यावर त्याने १८३९ मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला. कावीत लालाशेजारचा शुभ्र पांढरा किंचित थंड, हिरवट-निळसर झाक घेतो. कुणाला तो आवडतो. नको असेल तर नीरूत संगमरवराच्या पुडीऐवजी धुतलेली पिवळसर नदीची वाळू बारीक चाळून घाला, पांढरा उबदार होतो. दोन्हीचे तळहाताएवढे तुकडे करून पडवीच्या उजेडात ठेवा, ट्यूबलाइटखाली ठरवू नका.

---

करकटक:

रेवाळ यांच्या तीन फलकांना एक पुरवणी. तिसऱ्या, बिनआखणीच्या फलकाला सुरी टेकवण्याआधी कोरड्या पाटीवर तीच नक्षी दहा-बारा वेळा काढा. ओल्या थरावर विचार करत थांबलात तर रेघेच्या सुरुवातीला खड्डा पडतो आणि तिरप्या उजेडात तुम्हाला हाताची लकब न दिसता नुसती अडखळ दिसेल.

आणि पातं. लोखंडी करवतीच्या जुन्या पात्याचा तुकडा दगडावर घासून एका बाजूने धार दिलीत तर उत्तम. दोन रुंदीची करा, ४ आणि १० मि.मी. कामानंतर लगेच धुवा आणि तेलाचं बोट फिरवा. चुना लोखंडाला फारसा खात नाही, पण शिरोड्याची खारी हवा रात्रीत गंज आणते आणि तो गंज पांढऱ्यावर उतरतो.

---

पडवीचा_कोपरा:

कळीचा चुना बघतो, मुरायला घातला की इथे कळवतो. सातची फट सहज काढून बघितली कागदावर, दीड मिलिमीटरच्या आतच आली. उरलेला लाल माल पुढच्या फलकापर्यंत टिकतो का?

---

चुनाभट्टी:

वाळू घातलेला माल दोन-तीन दिवस टिकतो, वरून ओलं फडकं आणि घट्ट झाकण हवं. त्यापेक्षा पुट्टी आणि काव वाळूशिवाय कालवून बरणीत भरा, वर बोटभर पाणी ठेवा, महिनोन्‌महिने राहते. लावायच्या दिवशी वाळू मिसळा. काव सगळ्या फलकांना पुरेल एवढी एकदाच गाळून, कोरडी मिसळून ठेवा. खाणीतली दुसरी पाटी पहिलीसारखी निघेल याचा भरवसा नाही.